शियान शिंगहाय आणि ‘पीत नदी कँटाटा’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समूहगान करणाऱ्या, पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या किंवा डॉ. कोटणीसांमुळे चीनच्या त्या काळाकडे वळलेल्या मराठी वाचकांकडून या संगीतकाराबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शियान शिंगहाय यांना नुसतं ‘देशभक्तिपर गीतांचे संगीतकार’ म्हणून बाजूला ठेवलं तर त्यांच्यावर अन्याय होतो, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या संगीतातला देश म्हणजे वल्ही मारणारी, ओझी वाहणारी, घरदार सोडून पळालेली माणसं. त्यांच्या चाली ऐकताना हे सतत जाणवतं.

शियान शिंगहाय कोण होते, थोडक्यात सांगाल?

विसाव्या शतकातले चीनचे एक अत्यंत महत्त्वाचे संगीतकार. जन्म १३ जून १९०५, मकाव. मृत्यू ३० ऑक्टोबर १९४५, मॉस्को. म्हणजे उणंपुरं चाळीस वर्षांचं आयुष्य. जपानविरुद्धच्या युद्धात त्यांनी लोकांना एकत्र गाता येतील अशी असंख्य गाणी केली. त्यांची सर्वांत मोठी रचना म्हणजे १९३९ ची ‘पीत नदी कँटाटा’. शाळेच्या भूगोलात आपण वाचलेली ह्वांग हो, तीच ही पीत नदी.

चीनचं राष्ट्रगीत त्यांनीच केलं ना?

नाही. ही गल्लत फार वेळा होते. आजचं चिनी राष्ट्रगीत, ‘स्वयंसेवकांचं कूचगीत’, न्ये अर यांचं आहे. शब्द थ्येन हान यांचे, साल १९३५. त्याच वर्षी १७ जुलैला न्ये अर जपानमध्ये फुजिसावाच्या किनाऱ्यावर पोहताना बुडाले. वय अवघं तेवीस. शियान पॅरिसहून शांघायला परतले तेही १९३५ मध्येच, त्यामुळे दोघांची नावं कायम जोडीनं घेतली जातात. पण पिंड वेगळे. न्ये अर यांचं गाणं एका दमात उसळतं. शियान मोठा पट उभा करतात, त्यात रडणाऱ्या बाईलाही जागा असते.

त्यांचं नाव वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं का दिसतं?

घर कँटनी भाषेचं, त्यामुळे पॅरिसच्या काळातल्या कागदपत्रांत नाव ‘सिन सिंग-होय’ या धर्तीवर लिहिलेलं सापडतं. सोव्हिएत काळात तर ते ‘ह्वांग श्युन’ हे टोपणनाव लावून राहत होते. रेकॉर्डिंग शोधताना संगीतकाराऐवजी रचनेच्या नावानं शोधा, लवकर सापडेल.

बालपण कसं गेलं?

हलाखीत. मकाव तेव्हा गोव्यासारखीच पोर्तुगीजांची वसाहत होती. घराणं दक्षिण चीनच्या ग्वांगतोंग प्रांतातल्या पान्यू भागातलं, पाण्यावर पोट असलेलं. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले. आई ह्वांग सूयिंग त्यांना घेऊन सिंगापूरला गेली आणि परक्या घरांत कामं करून तिनं मुलाला शिकवलं. तिथल्या शाळेत त्यांची वाद्यांशी ओळख झाली. १९१८ च्या सुमारास ते ग्वांगचौला आले आणि लिंगनान विद्यापीठाशी जोडलेल्या शाळेत शिकताना क्लॅरिनेटवादक म्हणून नावाजले गेले.

त्यांच्या आईकडे थोडं लक्ष द्यायला हवं. हमाल आणि मजूर अंगावर ओझं घेताना म्हणतात ते एक कँटनी श्रमगीत तिनं मुलाला शिकवलं होतं. पुढे मोठेपणी, पॅरिस वगैरे सगळं पाहून झाल्यावर, शियाननी तिच्या तोंडून आलेल्या त्या शब्दांना चाल लावली. त्यांच्या संगीताचं मूळ शोधायचं तर मी आधी तिथे जाईन, संगीतशाळांकडे नंतर.

गरीब घरातला मुलगा पॅरिसला कसा पोचला?

आधी पेकिंगला (आजचं बीजिंग) संगीत शिकले, मग १९२८ मध्ये शांघायच्या राष्ट्रीय संगीतशाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या चळवळीत पडल्यामुळे तिथलं शिक्षण सुटलं आणि त्यांनी पॅरिस गाठायचं ठरवलं. हातात पैसा नव्हता. पॅरिसमध्ये त्यांनी हॉटेलात वाढप्याचं काम केलं, सार्वजनिक स्नानगृहात राबले, लोकांची नखं कापली, मुलं सांभाळली. त्यातून वेळ काढून व्हायोलिन. व्हायोलिनचे शिक्षक ओबरडोर्फर यांनी परिस्थिती पाहून फी घेतली नाही.

खोली म्हणजे माळ्यावरची खुराडी. छत इतकं खाली की व्हायोलिनचा गज नीट फिरवायचा तर टेबलावर उभं राहून छताच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढावं लागे. एका हिवाळी रात्रीबद्दल त्यांनी स्वतः १९४० मध्ये लिहून ठेवलं आहे. दारं-खिडक्या मोडक्या, अंगावर धड पांघरूण नाही, वीज परवडत नाही म्हणून रॉकेलचा दिवा, आणि वारा तो दिवा पुन्हापुन्हा विझवतोय. झोप येईना म्हणून ते लिहायला बसले. त्यातून ‘वारा’ ही सोप्रानो (उंच पट्टीचा स्त्रीआवाज), क्लॅरिनेट आणि पियानोसाठीची रचना झाली आणि पॅरिसच्या संगीतवर्तुळात तिचं कौतुक झालं.

पॉल द्यूका यांच्याकडे ते खरंच शिकले?

हो. पॅरिस कॉन्झर्वेटोअर या संगीतशाळेत, फ्रेंच संगीतकार द्यूकांच्या उच्च रचनावर्गात ते शिकले. प्रवेशाच्या दिवशीचा प्रसंग त्यांनीच सांगितला आहे. अंगात न बसणारे कपडे आणि चेहरा चिनी, त्यामुळे दरवानानं अडवलं. हा माणूस रचनावर्गाच्या परीक्षेला आलाय यावर त्याचा विश्वासच बसेना. तेवढ्यात द्यूका स्वतः आले आणि खांद्यावर हात टाकून त्यांना आत घेऊन गेले. परीक्षकांनी मानाचं बक्षीस दिलं आणि आणखी काय हवं म्हणून विचारलं, तेव्हा शियाननी जेवणाची कुपनं मागितली.

मे १९३५ मध्ये द्यूका वारले आणि शियाननी मायदेशाची वाट धरली.

चीनमध्ये परतल्यावर काय केलं?

शांघायमध्ये रेकॉर्ड कंपनी आणि मग चित्रपट कंपनी. १९३७ च्या ‘मध्यरात्रीचं गाणं’ या गाजलेल्या चित्रपटाचं संगीत त्यांचं. पण मन त्यात रमेना. जपान ईशान्य चीन आधीच गिळून बसला होता, आणि १९३७ च्या जुलैत उघड युद्ध पेटलं. शियान एका नाट्यपथकाबरोबर गावोगाव हिंडू लागले. विद्यार्थी, कामगार, शेतकरी, सैनिक, जो भेटेल त्याला गायला शिकवायचं. १९३८ मध्ये वुहानला त्यांनी प्रचंड संख्येनं गायनमंडळं उभी केली. ‘थायहांगच्या डोंगरावर’ आणि ‘शत्रूच्या पिछाडीला चला’ ही त्यांची फार लोकप्रिय गाणी याच वर्षाची. तिथेच त्यांचं छ्येन युनलिंग यांच्याशी लग्न झालं, आणि वर्ष संपायच्या आत दोघं येनानला पोचले.

येनान म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तर शाआन्शी प्रांतातलं डोंगराळ गाव, चिनी कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं. आजचा उच्चार यानआन. मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा हीच घरं, शाळा आणि दवाखाने. तिथल्या लू शुन कला अकादमीत शियान संगीत शिकवू लागले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. जून १९३९ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले.

कँटाटा म्हणजे काय?

अनेक भागांची सलग गायनरचना. वृंदगान, एकल गायन, वाद्यवृंद, कधी निवेदन. नाटकासारखी कथा आणि वेशभूषा नसते.

ही रचना खरोखर सहा दिवसांत झाली?

हो, आणि त्यामागची हकीकत आहेही तशीच वेगवान. क्वांग वेईरान हे तरुण कवी एका नाट्यपथकाचे प्रमुख होते. १९३८ मध्ये त्यांच्या पथकानं हुखोऊ धबधब्याजवळ पीत नदी ओलांडली. नावाड्यांचा तो जिवाच्या आकांतानं चाललेला झगडा आणि त्यांच्या हाकारण्या त्यांच्या मनात ठसल्या. पुढे घोड्यावरून पडून त्यांचा हात मोडला आणि उपचारांसाठी त्यांना येनानला आणलं. तिथे खाटेवर पडून त्यांनी पाच दिवसांत चारशेहून जास्त ओळींचं काव्य तोंडी सांगितलं, सोबत्यांनी उतरून घेतलं. एका बैठकीत त्यांनी ते सगळं वाचून दाखवलं. शियान ऐकत होते. वाचन संपताच त्यांनी कवितेचे कागद ताब्यात घेतले आणि याचं संगीत मी करणार म्हणून सांगून टाकलं.

२६ ते ३१ मार्च १९३९ या दिवसांत त्यांनी गुहेत बसून लिखाण पूर्ण केलं. त्याआधी पथकातल्या मंडळींना समोर बसवून नाव कशी हेलकावते, वल्ही कशी पडतात, नावाडी कसे ओरडतात हे त्यांनी पुन्हापुन्हा करून दाखवायला लावलं होतं. तब्येत बरी नव्हती. खायला गोड काही हवं म्हणून त्यांनी साखर मागितली, तर कवीनं दोन चिनी शेर, म्हणजे किलोभर पांढरी साखर आणून दिली. त्या टंचाईत ही चैनच. शियान लिहिता लिहिता चिमटीनं साखर तोंडात टाकत. कॉफीऐवजी भाजलेल्या सोयाबीनची पूड उकळून पीत.

सहा दिवसांचं कौतुक करताना एक विसरू नये. मागे पॅरिसची पाच-सहा वर्षं होती, आणि त्याहून मागे आईची गाणी होती.

पहिला प्रयोग कसा झाला? एवढा वाद्यवृंद कुठून आणला?

वाद्यवृंद नव्हताच. व्हायोलिनं दोन-चार, बाकी अर्हू हे दोन तारांचं गजाचं वाद्य, बांबूच्या बासऱ्या, सानश्येन हे तीन तारांचं वाद्य, बाजाच्या पेट्या. खर्जाचं वाद्य हवं होतं, तर रॉकेलच्या रिकाम्या डब्याला दांडी आणि तारा जोडून अर्हूसारखं भलंमोठं वाद्य बनवलं. तालासाठी हात धुवायची भांडी, आणि एनॅमलच्या मगात चमचे घालून ते हलवायचे.

१३ एप्रिल १९३९ ला पहिला प्रयोग झाला, संचालन वू शीलिंग यांचं. गाणारे जेमतेम चाळीस. तिसरा भाग कवीनं स्वतः म्हटला, हात अजून गळ्यात बांधलेला. ११ मे रोजी कला अकादमीच्या वर्धापनदिनी शियाननी शंभरेक जणांच्या वृंदाचं संचालन केलं. माओ त्सेतुंग श्रोत्यांत होते आणि त्यांनी पुन्हापुन्हा ‘छान’ म्हणून दाद दिली, अशी नोंद शियान यांच्या रोजनिशीत आहे.

मर्यादित वाद्यं ही या रचनेची उणीव होती असं मला वाटत नाही. सगळा भार माणसाच्या गळ्यावर टाकावा लागला, म्हणून ती कुठेही उभी राहते.

आठ भागांत काय काय आहे?

सुरुवात नावाड्यांच्या गाण्यानं. इथे चाल म्हणावी असं फारसं काही नाही, आहे तो दम. एकजण हाक देतो, बाकीचे झेलतात, लय चढत जाते. मग एकदम मोकळी, शांत जागा येते, कारण किनारा दिसला. आणि पुन्हा वल्ही. नदी पार झालेली नाही. आपल्याकडे कोळ्यांच्या वल्हवण्याच्या गाण्यांची ज्याला सवय आहे, त्याला हा भाग भाषेविना कळेल.

दुसरा भाग बॅरिटोनचा (मध्यम पट्टीचा पुरुषआवाज), नदीचं स्तवन. तिसरा सानश्येनच्या साथीवर म्हणायचा आहे. प्रयोगात तो बरेचदा गाळतात, तो गाळू नये. चौथ्यात काठावरचं सुखाचं जिणं आणि मग शत्रू आल्यावरची वाताहत.

पाचवा भाग माझा सर्वांत आवडता. दोन परागंदा शेतकरी नदीकाठी भेटतात. एक विचारतो, बाबा रे, तुझं गाव कुठलं? दुसरा म्हणतो, शान्शीचं, पण घर फार लांब राहिलं. चाल शान्शीच्या लोकगीताच्या वळणाची, जवळजवळ खेळकर, ठेका हलका. शब्द मात्र घर गेलं, माणसं गेली याचे. करुण प्रसंगाला करुण चाल लावणं सोपं असतं. इथे दोन अनोळखी माणसं दुःखावर मात करण्यापुरती धडपड करतात आणि बोलता बोलता एकमेकांचे होतात. हे काम चालीनं केलं आहे, शब्दांनी नाही.

सहाव्या भागात एक स्त्री एकटी गाते. मूल मारलं गेलंय, शत्रूनं तिची विटंबना केलीय, नवरा दूर आहे. ती नदीला सगळं सांगून टाकते आणि नदीतच जीव द्यायला निघते. मोठ्या आवाजाच्या हौशी गायिका इथे ओरडतात. हा भाग खालच्या आवाजात सुरू झाला तरच पोचतो.

सातवा भाग, ‘पीत नदीचं रक्षण करा’, सर्वांना ठाऊक असतो. वारा गर्जतोय, घोडे खिंकाळताहेत, नदी डरकाळ्या फोडतेय, अशी सुरुवात. एका गटानं ओळ सुरू केली की दुसरा गट तीच ओळ मागून पकडतो, मग तिसरा. मधूनच ‘लोंग-ग-लोंग-ग-लोंग’ अशी निरर्थक अक्षरं येतात, जशी आपल्या लोकगीतांत येतात, आणि त्यांनीच सैन्य चालल्याचा भास होतो. आठव्यात सगळी नदी गर्जते.

त्या वेळी डॉ. कोटणीस येनानमध्येच होते का?

होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे पथकातले बाकीचे चौघे. म्हणजे कँटाटा लिहिली जात होती त्या वसंतात हे भारतीय डॉक्टर त्याच गुहांच्या वस्तीत जखमींवर उपचार करत होते. व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीसांची कथा आपल्याला पाठ आहे. ते ज्या लोकांसाठी राबले आणि ९ डिसेंबर १९४२ ला जिथे गेले, त्या लोकांचा आवाज ऐकायचा असेल तर ही रचना ऐकावी.

हे शेवटी प्रचाराचंच संगीत नाही का?

युद्धासाठी, एका पक्षाच्या ठाण्यावर, माणसं उभी करायला लिहिलेलं संगीत आहे हे खरं. शियान यांची सगळीच गाणी टिकाऊ नाहीत, काही घोषणांपलीकडे जात नाहीत. पण कँटाटाच्या मूळ काव्यात कुठल्या नेत्याचा जयजयकार नाही. राजधानी नानजिंग पडली होती, कोट्यवधी लोक रस्त्यावर आले होते. अशा वेळी लिहिलेल्या रचनेत सर्वांत जास्त जागा नावाडी, परागंदा शेतकरी आणि उद्ध्वस्त बाईला मिळाली, हा संगीतकाराचा आणि कवीचा निर्णय आहे. मला तो मोठा वाटतो.

मग ते मॉस्कोला कसे गेले?

मे १९४० मध्ये. येनान आणि कम्युनिस्टांची आठवी मार्गसेना यांच्यावरच्या एका माहितीपटाचं पुढचं काम सोव्हिएत संघात व्हायचं होतं. दिग्दर्शक युआन मूजर यांच्यासोबत शियानना संगीतासाठी पाठवलं. जून १९४१ मध्ये जर्मनीनं हल्ला केला आणि सगळंच कोलमडलं. चित्रपट कधी पुरा झाला नाही. शियाननी मायदेशी परतायचा प्रयत्न केला, पण वायव्य चीनमधल्या शिनच्यांगची वाट बंद झाली होती. मंगोलियातल्या उलानबातरमध्ये अडकले, काही काळ तिथल्या चिनी कामगारांना संगीत शिकवलं, आणि १९४२ च्या शेवटी कझाकस्तानच्या अल्मा-आतात पोचले. अनोळखी शहर, युद्धकाळ, ओळखपत्रावर टोपणनाव, पोटात अन्न नाही.

तिथे बख्यतझान बैकदामोव्ह या कझाक संगीतकारानं त्यांना आसरा दिला. त्याच्याही घरी खाण्याची ओढाताणच होती. हा माणूस चीनमध्ये किती मोठा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी त्यानं आपल्या माणसांत शियानना सामावून घेतलं.

या दिवसांत शियान थांबले नाहीत. कझाक लोकगीतं गोळा केली, कझाक वीर अमानगेल्दी याच्यावर सिंफनी-काव्य रचलं, आधी हाती घेतलेल्या दोन सिंफन्या आणि ‘चिनी ऱ्हॅप्सडी’ यांवर काम केलं. १९४४ मध्ये कोस्तानायला जाऊन तिथलं संगीतमंडळ उभारायला हातभार लावला. त्यातच न्यूमोनिया झाला, उपासमारीनं खचलेलं शरीर सावरलं नाही. युद्ध संपल्यावर मॉस्कोच्या रुग्णालयात नेलं, तिथे त्यांचा अंत झाला. जपाननं शरणागती पत्करून दोन महिने झाले होते. ज्यासाठी सगळं लिहिलं ते घडलेलं त्यांना कळलं, पण घरी जाता आलं नाही.

कुटुंबाचं काय झालं?

पत्नी आणि मुलगी येनानलाच राहिल्या. मुलगी नीना ऑगस्ट १९३९ ची. ते निघाले तेव्हा तिला वर्षही झालं नव्हतं. पुन्हा भेट झाली नाही.

‘पीत नदी पियानो कॉन्सर्टो’ हीच रचना आहे का?

तिच्यावर आधारलेली, पण वेगळी, पियानो आणि वाद्यवृंदासाठीची. १९६९ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, पियानोवादक यिन छंगचोंग आणि इतरांच्या गटानं ती तयार केली. शेवटी माओंच्या स्तुतीचं ‘पूर्व लाल आहे’ हे गाणं घातलं आहे, जे शियान यांच्या रचनेत नाही. १९७३ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा चीनला गेला तेव्हा तीही वाजवली गेली आणि जगभर पसरली. वादनाच्या दृष्टीनं झगमगीत आहे, पण नावाड्यांच्या घशातली खरखर पियानोला आणता येत नाही. आधी कँटाटा ऐका.

त्यांची स्मारकं कुठे आहेत?

अस्थी १९८३ मध्ये मॉस्कोहून चीनमध्ये आणल्या, त्या आता ग्वांगचौच्या लूहू उद्यानात आहेत. त्याच शहरातली संगीतशाळा आणि मोठं सभागृह त्यांच्या नावानं आहेत. मकावमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. अल्मातीमध्येही (तेव्हाचं अल्मा-आता) आहे, आणि तो बैकदामोव्हच्या नावाच्या रस्त्याला समांतर आहे.

आमच्या हौशी गायनवृंदाला यातलं काही जमेल का?

सातवा भाग नक्की जमेल. दोन गटांत सुरुवात करा, तिसरा गट नंतर घाला. येनानमध्ये गाणारेही शिकलेले गायक नव्हते, त्यांच्यासाठी रचना आकडी स्वरलिपीत लिहिली होती. चिनी प्रती अजूनही तशाच मिळतात आणि मराठी गायकाला त्या पाश्चात्त्य पाच रेघांपेक्षा सोप्या जातात. १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं ७ पर्यंत. १ कुठल्या पट्टीत धरायचा ते वर लिहिलेलं असतं. आकड्यावर टिंब असेल तर तार सप्तक, खाली असेल तर मंद्र, भातखंडे पद्धतीसारखंच. आकड्याखाली आडवी रेघ असेल तर स्वर अर्ध्या मात्रेचा, दोन रेघा असतील तर पाव मात्रेचा. चिनी शब्द देवनागरीत लिहून घ्या, पण उच्चार कुणा चिनी येणाऱ्याकडून तपासून घ्या. लय पहिल्याच दिवशी पळवू नका, कारण दुसरा गट ओळ पकडायला आला की ती आपोआप पळते.